मुंबई पाहावयास निघताना

कापूस वेचून झाला, तूर घरात आली, की आपल्याकडच्या माणसाला थोडी सवड मिळते. मग घरात विषय निघतो. लेकरे म्हणतात, "समुद्र बघायचा." आजी म्हणते, "मला एकदा सिद्धिविनायकाचं दर्शन घडवा." घरधनी मनात खर्चाचा हिशेब मांडतो आणि म्हणतो, "बघू." ह्या 'बघू'मध्ये खर्चाची काळजी असते, आणि तितकीच भीतीही असते. मुंबईत बॉम्ब फुटतात, मुंबईत साथी येतात, मुंबईत माणूस चुकला की सापडत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. त्यातले सगळेच काही खोटे नाही. म्हणून आज ह्या भीतीचाच धडा वाचू.

सल्ला देणारे शेजारी दोन जातींचे असतात. एक म्हणतो, "कशाला जाता बाबा, जीव वर आलाय का?" दुसरा म्हणतो, "काही होत नाही. सगळं सुरू झालंय आता. खुशाल जा." दोघांनाही मुंबईला जाऊन दहा-दहा वर्षे झालेली असतात! तेव्हा दोघांचेही ऐकून घ्यावे, चहा पाजावा आणि विचार आपला आपण करावा.

विचार करताना एक गोष्ट ध्यानात धरा. येथे प्रश्न दोन आहेत. जावयाचे ते ठिकाण उघडे आहे काय, हा एक. तेथे धोका आहे काय, हा दुसरा. दिसायला दोन्ही सारखे वाटतात. पण उघडे की बंद हे सरकार, रेल्वे किंवा देवस्थान ठरवते आणि कागदावर लिहून भिंतीला लावते. धोक्याचे तसे नाही. दार सताड उघडे आणि धोका आत बसलेला, असे पुष्कळदा होते. मुंबईच्या इतिहासातच ह्याचे दाखले आहेत. ते थोडे सविस्तर पाहू.

१८९६ सालची गोष्ट. सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांना गाठीच्या तापाचे रोगी आढळले. तोच प्लेग. मांडवी म्हणजे गोदीजवळची दाट वस्ती. तेथे धान्याच्या वखारी, आणि वखारी तेथे उंदीर. त्या वेळी शहराला कोणी कुलूप लावले नव्हते. बाजार उघडे होते, आगगाडी चालू होती. पण रोग घरोघर शिरत होता. लोक घाबरले आणि लाखांनी शहर सोडून निघाले. मिळेल त्या गाडीने आपापल्या गावी गेले. त्यांतल्या काहींच्या बोचक्यांबरोबर रोगही गेला. मग सरकारने स्टेशनांवर उतारू तपासायला सुरुवात केली. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा केला. घरांत शिरून झडत्या झाल्या, लोक चिडले. पण रोग पसरतो कशाने, हे त्या वेळी कोणालाच धड ठाऊक नव्हते. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा तो पसरवतात, हे १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने दाखवले. ते पटायलाही डॉक्टर मंडळींना काही वर्षे लागली.

त्याच मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगवरची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली आणि मगच दुसऱ्यांना दिली. परळला त्यांच्या नावाची संस्था आजही आहे. मुंबईला गेल्यावर राजवाडे आणि सिनेमावाल्यांचे बंगले सगळेच बघतात. परळकडून जाताना ह्या संस्थेची इमारतही लेकरांना दाखवा, असे माझे सांगणे आहे.

आता अलीकडचा दाखला घ्या. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. बंदुका घेतलेले दहा जण समुद्रातून आले आणि त्यांनी मुंबईत अनेक ठिकाणी गोळीबार केला. त्यात १६६ माणसे मेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जी मेली, त्यांत पुष्कळ जण लांबच्या गाडीची वाट पाहत बसलेले होते. आपल्यासारखीच माणसे. गाठोडी, पिशव्या, डबे घेऊन गावाकडची गाडी लागण्याची वाट पाहणारी. त्या रात्री स्टेशनवर विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक कामावर होते. गाडी कोणत्या फलाटावर येणार, हे सांगणे त्यांचे रोजचे काम. गोळ्या सुटू लागल्यावर ते जागा सोडून पळाले नाहीत. कोणत्या बाजूने बाहेर पडावे, हे ते ध्वनिक्षेपकावरून लोकांना सांगत राहिले. त्यांचा आवाज ज्यांनी नीट ऐकला आणि तसे केले, अशी पुष्कळ माणसे वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच स्टेशनातून गाड्या सुटू लागल्या. लोकांनी मुंबईची वाहवा केली. वाहवा करण्यासारखेच होते ते. पण नीट पाहा. गाड्या सुरू झाल्या त्या सकाळी तेथून थोड्याच अंतरावर ताजमहाल हॉटेलात गोळीबार चालूच होता. तो २९ तारखेच्या सकाळी संपला. म्हणजे स्टेशन उघडले होते, पण शहरातला धोका सरला नव्हता. पुढे ताज हॉटेलाचा नवा मनोरा २१ डिसेंबरला, महिन्याच्या आतच, उघडला. आणि घुमटाची जुनी इमारत उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. हॉटेल एकच, पण उघडण्याच्या तारखा दोन. तेव्हा 'मुंबई सुरू झाली' असे कोणी म्हणाले, तर 'मुंबईतले काय सुरू झाले?' असे आपण विचारावे.

तिसरा दाखला आपण सगळ्यांनीच भोगला आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्री मुंबईची लोकल प्रवाशांसाठी थांबली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली, तेव्हापासून मुंबई गाडीच्या चाकावरच चालत आलेली. ती चाके थांबली. इकडे अंबडला आपल्या मत्स्योदरी देवीच्या गडाचेही दार बंद झाले. त्या वर्षीचे नवरात्र आठवते ना? गडाच्या पायऱ्या होत्या, देवी होती, पण यात्रा नव्हती. दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या भागातून कितीतरी माणसे दादरला चैत्यभूमीवर जातात. त्या वर्षी घरूनच अभिवादन करा, असे सरकारने सांगितले आणि लोकांनी मोठ्या मनाने ते मानले.

मग हळूहळू उघडायला लागले. पण कसे उघडले ते बघा. १५ जून २०२० पासून लोकल सुरू झाली, ती फक्त अत्यावश्यक कामाच्या नोकरांसाठी. २१ ऑक्टोबरपासून बायांना मुभा मिळाली, पण ठरावीक वेळेपुरती. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना, तीही ठरावीक वेळेतच. एप्रिलमध्ये साथ पुन्हा वाढली आणि सामान्य उतारूला दार पुन्हा बंद झाले. १५ ऑगस्ट २०२१ ला वर्तमानपत्रात मोठा मथळा आला, लोकल सर्वांसाठी सुरू. खाली बारीक अक्षरात अटी होत्या. लसीच्या दोन मात्रा पाहिजेत. दुसरी घेऊन चौदा दिवस झालेले पाहिजेत. आणि आरंभी तिकीट मिळणार नाही, महिन्याचा पास काढावा लागेल. आता सांगा, जालन्याहून दोन दिवसांसाठी गेलेल्या माणसाने महिन्याचा पास काय करावा? एकेरी तिकीट मिळू लागले ते ऑक्टोबर सरता सरता. मथळा वाचून निघालेला आणि बारीक अक्षर वाचून निघालेला, ह्यांत केवढा फरक पडला असता!

देवळांचेही तसेच झाले. १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, ती उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली. ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली. त्या दिवसांत सिद्धिविनायकाला आधी मोबाइलवर नोंद करून वेळ घ्यावी लागे. नोंद न करता गेलेल्याला दारातूनच परतावे लागे. शेवटी २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले. आज त्यांतली कोणतीही अट नाही. पण साथ म्हणा, पूर म्हणा, बंद म्हणा, पुन्हा काही आले तर दारे अशीच उघडतील, थोडी थोडी आणि अटी घालून. ते वाचायची सवय आता आपल्याला झाली पाहिजे.

एवढे मोठे संकट नसतानाही दार बंद असू शकते. त्याची कारणे अगदी साधी असतात. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. बुधवारी सरकारी सुट्टी आली, तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरीची लेणीही सोमवारी बंद. तांबड्या अक्षरातली ही एक ओळ वाचली नाही, म्हणून गावाकडची मंडळी राणीच्या बागेच्या फाटकाला नाक लावून परत जातात. लेकरे पेंग्विन पाहायचा म्हणून रडत असतात. मग बाप त्यांना फुगा घेऊन देतो. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून फुगा!

काही दारे कायमची लागतात. आपल्यापैकी जे जुने आहेत, त्यांना मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय आठवत असेल. १९५१ साली ते उघडले. शाळेच्या सहली तेथे जायच्याच जायच्या. काचेमागचा तो मासा पाहून लेकरे जागची हलत नसत. २०२० साली साथीमुळे ते बंद झाले आणि साथ गेली तरी उघडले नाही, कारण इमारतच जुनी आणि धोक्याची झाली होती. म्हणून 'मी पाहिलंय ना, मी सांगतो' असे म्हणणाऱ्या मामांना, त्यांनी कोणत्या साली पाहिले, हे नम्रपणे विचारून घ्यावे.

दादर स्टेशनचेच पाहा. तेथे पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे अशा दोन रेल्वे आहेत. पूर्वी दोन्हींकडे एक नंबरचा फलाट निराळा होता. 'एक नंबरवर थांबतो' असे सांगून दोन पाहुणे दोन एक नंबरांवर तासभर उभे राहत. ९ डिसेंबर २०२३ पासून तेथे एक ते चौदा असे सलग आकडे केले आहेत. आता आठ नंबरपासून पुढे मध्य रेल्वे. आपली गावाकडची गाडी त्या बाजूची.

मग खरी माहिती कोठे मिळते? अंबडला रेल्वे नाही. आपल्याला एस. टी. ने जालन्याला जावे लागते. तेथे स्टेशनवर चौकशीची खिडकी आहे. रेल्वेचा १३९ हा फोन आहे. गाडीची वेळ शेजाऱ्याला विचारू नका, येथे विचारा, कारण वेळा बदलतात आणि गाड्याही. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईची वंदे भारत गाडी सुरू झाली. २०२५ साली ती नांदेडपर्यंत नेली. म्हणजे तीच गाडी आता जालन्याला मधल्या स्टेशनासारखी थोडा वेळच थांबते. रविवारी मुंबईत रुळांची दुरुस्ती चालते. त्याला तेथे मेगाब्लॉक म्हणतात. त्या दिवशी कोणत्या मार्गावर लोकल बंद, हे आदल्या दिवसाच्या वर्तमानपत्रात येते. वर्तमानपत्र शिळे झाले म्हणून त्यात भाकर बांधण्याआधी एवढे वाचून घ्या. मोबाइलवर कोणी पाठवलेला मजकूर वाचताना आधी तारीख पाहा. कितीतरी वेळा चार वर्षांपूर्वीची बातमी आज आली म्हणून लोक पुढे ढकलतात. ज्या मजकुरावर तारीखच नाही, तो माझ्या मते वाचण्याच्या लायकीचा नाही.

आता दुसरा प्रश्न, धोक्याचा. येथे सरकार पाटी लावते, पण ती पाळायची आपणच. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून एक लाँच घारापुरीला निघाली होती. वादळ नव्हते, साथ नव्हती, सगळे उघडे होते. नौदलाची एक वेगाची बोट तिच्यावर येऊन आदळली. लाँच बुडाली. १५ माणसे गेली. पुष्कळ उतारूंच्या अंगात पाण्यावर तरंगवणारे जॅकेट नव्हते. त्यानंतर गेटवेवरून जाणाऱ्याने जॅकेट घालणे सक्तीचे केले. तेव्हा लाँचमध्ये बसताच जॅकेट मागा, आधी लेकरांना घाला आणि त्याचे पट्टे बांधा. नुसते मांडीवर घेऊन बसले, तर त्याचा उपयोग उशीइतकाच. खलाशी 'राहू द्या, काही होत नाही' म्हणाला, तरी ऐकू नका. फोटो काढायला सगळ्यांनी एका बाजूला धावू नका. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. त्या दिवशी हुज्जत घालू नका, गेटवेची कमान पाहा आणि मागे फिरा. ती कमानही १९२४ सालची आहे, बघण्यासारखी आहे.

बॉम्बची भीती सगळ्यांना वाटते, रुळांची कोणाला वाटत नाही. आणि मुंबईत माणसे जास्त मरतात ती रुळांवर. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली आहेत. सगळ्यात जास्त मरतात ती रूळ ओलांडताना. पूल आहे, पण चढायचा कंटाळा. आपल्याकडे रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघितले की झाले, गाडी तासाने एक. तेथे दोन-तीन मिनिटांना एक, आणि शेजारच्या रुळावरून दुसरी, तिचा आवाज पहिलीच्या आवाजात बुडतो. म्हणून कितीही घाई असो, पूल चढायचा. आजीचे गुडघे दुखत असतील, तर सरकता जिना किंवा लिफ्ट कोठे आहे ते विचारा. पुष्कळ स्टेशनांवर ती सोय झाली आहे.

पुलावरही एक सांभाळायचे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर पावसामुळे गर्दी दाटली, चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. त्या स्टेशनला २०१८ पासून प्रभादेवी म्हणतात. गर्दी पुढे सरकत नाही असे दिसले, की आत घुसू नका. कठड्याच्या कडेला थांबा. एक लोकल गेली तर दुसरी येते. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ ह्या वेळी लेकरे व म्हातारी माणसे घेऊन लोकलमध्ये चढू नये, हे मी निक्षून सांगतो. त्या वेळी एखादी बाग पाहत बसावे.

लोकलचे थोडे आणखी सांगतो, कारण येथे वाचता येणाऱ्या माणसाचे काम पदोपदी पडते. फलाटावर वर दिव्यांची पाटी असते. तीवर गाडी कोठे जाणार, किती वाजता, धिमी की जलद, हे मराठी, हिंदी, इंग्रजीत आळीपाळीने येते. जलद गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबत नाही. ती आपल्या स्टेशनवर थांबते की नाही, हे चढण्याआधी विचारा. डब्याबाहेर काय लिहिले आहे, तेही वाचा. प्रथम वर्ग असे लिहिले असेल, तर त्या डब्यात साध्या तिकिटावर चढू नये. बाक पाहून फरक कळतोच असे नाही, दंड मात्र भरावा लागतो. बायांचा डबा निराळा असतो. दिव्यांगांचा निराळा. बाया एका डब्यात आणि पुरुष दुसऱ्यात अशी वाटणी झाली, तर उतरायचे स्टेशन दोघांनाही तोंडपाठ पाहिजे. "ते उतरले की मी उतरेन" असे म्हणणाऱ्या आत्याबाई त्यांच्या मागोमाग उतरू शकत नाहीत. गाडी स्टेशनावर अर्धा मिनिट थांबते. त्यांनी स्वतः पाटी वाचली पाहिजे. वर्गात यायला लाजणाऱ्या बायांना मी हेच सांगत असतो. तुमचे यजमान मागच्या डब्यात असतील, स्टेशनची पाटी तुमच्या खिडकीसमोर येईल.

दारात उभे राहू नये. दारातला वारा गोड लागतो, तरण्या पोरांना तर फारच. त्या वाऱ्याने पुष्कळ घरे उजाड केली आहेत.

स्टेशनवर एखादी बेवारस पिशवी दिसली, तर तिला हात लावू नका, पोलिसाला सांगा. आणि आपलीही पिशवी बेवारस सोडून चहाला जाऊ नका. २००८ नंतर मोठ्या स्टेशनांवर तपासणीच्या चौकटी बसवल्या आहेत. पोलिसाने पिशवी उघडायला सांगितली, तर अपमान मानू नये. भाकरीचे गाठोडे दाखवून मोकळे व्हावे.

समुद्राबद्दल दोनच शब्द. चौपाटीवर बसा, भेळ खा, पाय भिजवा. लेकराचा हात सोडू नका. भरतीच्या वेळी, विशेषतः पावसाळ्यात, पाण्यात उतरू नये आणि मरीन ड्राइव्हच्या कडेच्या सिमेंटच्या दगडांवर तर मुळीच चढू नये. तेथून घसरलेल्या माणसाला वर काढणे कठीण. गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे ह्यांचे स्मारक आहे. २००८ च्या त्या रात्री ह्या पोलीस अंमलदाराने हातात फक्त लाठी असताना बंदूकवाल्याला मिठी मारली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण तो जिवंत पकडला गेला. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. खेड्यातलाच माणूस. स्मारकापाशी घटकाभर थांबा.

टॅक्सी काळी-पिवळी असते. मीटर टाकायला सांगा. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये झाले. पुढे वाढले असतील, तर गाडीत लिहिलेला दर वाचा. रिक्षा वांद्रे आणि शीव ह्यांच्या पुढे दक्षिणेकडे जात नाही. तेव्हा बोरीबंदरला उतरून रिक्षा शोधू नका. बेस्टची बस टॅक्सी-रिक्षाहून स्वस्त. सिद्धिविनायकाला जायला २०२५ पासून जमिनीखालची मेट्रोही झाली आहे, आणि त्या स्टेशनचे नावच सिद्धिविनायक आहे. मंगळवारी तेथे फार गर्दी, अंगारकीला तर विचारूच नका. आजीला घेऊन जायचे असेल, तर दुसरा वार धरा. देव सातही दिवस तोच असतो.

'खोली दाखवतो', 'स्वस्तात सगळी मुंबई फिरवतो' असे म्हणत कोणी पिशवीला हात घातला, तर पिशवी ओढून घ्या. राहण्याची सोय अंबडहूनच ठरवून निघा. मोबाइलवर पैसे 'घेण्यासाठी' कोणी पिन दाबायला सांगितला, तर तो फसवतो आहे असे समजा. पैसे घेताना पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० ला फोन करा. पोलीस, दवाखाना, आग, कशासाठीही ११२. चुकलेल्या मुलासाठी १०९८. पावसात मुंबई तुंबली, तर महापालिकेचा १९१६. हे आकडे मोबाइलमध्ये तर ठेवाच, पण मोबाइलच चोरीला गेला तर? म्हणून कागदावरही पाहिजेत.

आता वही घ्या. निघण्याच्या आदल्या रात्री घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहायची आहे. लहान लेकराची आईने लिहावी. आजीला अजून सगळी अक्षरे येत नसतील, तरी तिने निदान आपले नाव स्वतः लिहावे. चिठ्ठी अशी :

माझे नाव ________.
मी राहणार अंबड, जिल्हा जालना.
मुंबईत आम्ही ________ येथे उतरलो आहो. जवळचे स्टेशन ________.
माझ्याबरोबर ________ आहेत. त्यांचा फोन ________.
घरचा फोन ________.
मला मराठी वाचता येते. रस्ता सांगायचा असल्यास कृपा करून लिहून द्यावा.

चिठ्ठीच्या पाठीमागे वरचे फोन आकडे उतरवा. शाईच्या पेनाने लिहू नका, घामाने पसरते. पेन्सिलही नको, पुसून जाते. बॉलपेनने लिहा. घडी करून लहान प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पुरुषांनी आतल्या खिशात, बायांनी बटव्यात आणि लेकरांच्या सदऱ्याला आतून पिन लावून ठेवा. चिठ्ठीची दुसरी प्रत घरी चुलीशेजारच्या फडताळात, मागे राहणाऱ्या माणसाच्या हाताला लागेल अशी ठेवा. लिहून झाल्यावर एकाची चिठ्ठी दुसऱ्याने मोठ्याने वाचून पाहावी. अडखळले, तर अक्षर सुधारून पुन्हा लिहावी.